एक मीटर, एक नळ आणि सहा बिऱ्हाडे : नाशिक महापालिका व महावितरण यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, नाशिक
मा. मुख्य अभियंता, महावितरण, नाशिक परिमंडळ

विषय : एकाच वीजमीटरवर व एकाच नळजोडणीवर राहणाऱ्या भाडेकरू कुटुंबांच्या वीज-पाणी खर्चाबाबत

महोदय,

नाशिकमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचा एक मोठा वर्ग सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहत नाही. सिडकोच्या मूळच्या लहान घरांवर नंतर चढवलेले पहिले-दुसरे मजले, सातपूरच्या कामगार वस्तीतल्या खोल्या, अंबड आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूला उभी राहिलेली दोन-तीन मजली घरे, पंचवटीतले जुने वाडे आणि जेल रोडच्या गल्ल्या इथे हा वर्ग राहतो. खाली घरमालक, वर चार-सहा बिऱ्हाडे, जिन्याखाली विजेचा एक मीटर आणि अंगणात महापालिकेचा एक नळ, अशी या घरांची सर्वसाधारण रचना असते. कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, पेठ-सुरगाण्याहून शिकायला आलेली मुले, खानदेशातून आलेले कुटुंब, खासगी रुग्णालयात नव्याने नोकरीला लागलेली परिचारिका, या सगळ्यांना परवडणारे घर शहरात याच प्रकारचे आहे. अशा घरांतला विजेचा आणि पाण्याचा खर्च कोणी, कोणत्या दराने आणि कशाच्या आधारावर द्यायचा, या प्रश्नाकडे आपल्या दोन्ही कार्यालयांनी लक्ष द्यावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी सिडकोत घरमालक आहे आणि त्याआधी बरीच वर्षे सातपूरला भाडेकरू होतो, त्यामुळे या हिशेबाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत हा प्रश्न पुष्कळसा सुटलेला असतो. तिथे प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र वीजमीटर असतो, जिना आणि पंपाचा सामायिक मीटर वेगळा असतो, आणि पाण्याचा खर्च फ्लॅटमधील नळांच्या संख्येवर व आकारावर, तर लिफ्टचा खर्च सर्वांमध्ये समान वाटावा, असे आदर्श उपविधींत लिहिलेले असते. वाद झाला तर बोट ठेवायला कागद असतो. चार-सहा खोल्यांच्या घरात असा कागद नाही. तिथे घरमालक सांगेल तो दर आणि भाडेकरू मान्य करील ती रक्कम, एवढीच व्यवस्था आहे, आणि दोघेही प्रामाणिक असले तरी या व्यवस्थेत कोणावर तरी अन्याय होतोच. त्याचे मूळ वीजदरांच्या रचनेत आहे, म्हणून आधी ती रचना पाहू.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणसाठी २०२४-२५ या वर्षाकरिता मंजूर केलेल्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० युनिटला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे असा वीज आकार होता. यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, दरमहा स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असे सारे मिळून बिल तयार होते. त्यानंतर दर बदलले असले तरी टप्प्यांचे तत्त्व कायम आहे. कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबाला स्वस्त वीज आणि जास्त वापरणाऱ्याला महाग, हा त्यामागचा हेतू असून तो योग्यच आहे. परंतु एकाच मीटरवर सहा कुटुंबे आली की हा हेतू पूर्ण उलटा होतो.

वर दिलेल्या दरांनीच हिशेब करून पाहावा. सहा बिऱ्हाडांनी महिन्याला प्रत्येकी ८० युनिट वापरले, म्हणजे दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही आणि एक लहान फ्रिज इतकाच संसार चालवला, तर एका मीटरवर ४८० युनिट होतात. त्याचा नुसता वीज आकार ५,१४८ रुपये येतो, म्हणजे युनिटमागे सरासरी पावणेअकरा रुपयांच्या आसपास. हीच सहा कुटुंबे सहा स्वतंत्र मीटरवर असती तर सगळी पहिल्याच टप्प्यात राहिली असती आणि सर्वांचा मिळून वीज आकार २,२६० रुपये ८० पैसे झाला असता. पाच जादा मीटरांचा स्थिर आकार त्यात मिळवला, तरीही दरमहा दोन हजारांहून अधिक रुपयांचा फरक उरतो आणि त्यावरचे वीज शुल्क वेगळे. ही कुटुंबे गरजेपुरतीच वीज वापरत असूनही बंगल्यात वातानुकूलन यंत्रे चालवणाऱ्या ग्राहकाच्या टप्प्यातला दर भरतात, कारण कागदावर ती सहा कुटुंबे नसून एकच ग्राहक आहेत.

शहरातल्या बहुतेक घरमालकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे सबमीटर, म्हणजेच खोलीपुरता खासगी मीटर, आणि ठोक दर, म्हणजे बिल कितीही आले तरी युनिटला एकच ठरावीक दर. जिन्याखाली लाकडी फळीवर ओळीने सबमीटर लावलेले असतात, प्रत्येकाखाली पेंटने खोलीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वहीत आकडे उतरवून युनिटला दहा किंवा बारा रुपयांप्रमाणे पैसे घेतले जातात. काही जुन्या सबमीटरांचा शेवटचा लाल आकडा दशांशाचा असतो, आणि तो धरायचा की सोडायचा यावरून झालेली भांडणे मी पाहिली आहेत. जिन्यातला दिवा एखाद्या खोलीच्या सबमीटरवर जोडलेला निघतो आणि ते त्या कुटुंबाला खोली सोडताना कळते, असेही घडते. या मीटरांची तपासणी कोणी करत नाही, त्यांना सील नसते, आणि चुकीचे रीडिंग दाखवत असल्याचा संशय आला तर भाडेकरूने जायचे कुठे, याला उत्तर नाही.

आता हा दहा-बारा रुपयांचा दर लूट आहे की खरा खर्च आहे? दोन्ही असू शकते, आणि भाडेकरूला ते ओळखता येत नाही, हेच खरे दुखणे आहे. ज्या घरात एकूण वापर पाचशे युनिटच्या आसपास जातो, तिथे वहन आकार आणि शुल्क धरून घरमालकाला युनिट बारा रुपयांच्याही वर पडते आणि दहा रुपये घेणारा मालक पदरचे पैसे घालत असतो. ज्या घरात एकूण वापर सव्वाशे युनिटच्या आत आहे, तिथे तोच दर घेणारा मालक प्रत्येक युनिटवर पैसे कमावतो. मी भाडेकरू असताना एका घरमालकाने शेवटपर्यंत मूळ बिल दाखवले नाही. दर कमी-जास्त होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही, पण न दाखवलेल्या बिलामुळे दर महिन्याला मनात जो संशय राहत असे, त्याने चांगले शेजारपणही नासले. वीज विकून नफा मिळवणे हे परवानाधारकाचे काम आहे. परवान्याशिवाय विजेचा व्यापार करता येत नाही, असे वीज कायदा २००३ चे कलम १२ सांगते. घरमालकाने घ्यायचे ते फक्त प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचे पैसे, आणि ते घेताना बिल समोर ठेवले पाहिजे.

बिल समोर ठेवले तरी वाटणी कशी करायची, हा प्रश्न उरतो. सर्वांत सोपी रीत म्हणजे चालू महिन्याच्या बिलातून मागील थकबाकी आणि व्याज वगळायचे, उरलेल्या रकमेला एकूण युनिटने भागायचे आणि येणारा सरासरी दर सर्वांना लावायचा. मालकाने बिल उशिरा भरल्यामुळे लागलेला आकार भाडेकरूंकडून घेऊ नये, आणि मुदतीआधी भरल्याची सूट मिळाली असेल तर ती सर्वांना वाटावी, इतके पथ्य पाळले की ही रीत ठोक दरापेक्षा कितीतरी चांगली ठरते. तरीही तिच्यात एक उणीव आहे. सरासरी दराने कमी वापरणारा माणूस जास्त वापरणाऱ्याचा भार उचलतो.

म्हणून माझ्या घरात मी टप्पे वाटून देतो. उदाहरणादाखल चार खोल्यांचा मिळून ३०० युनिट वापर झाला असून खोलीनिहाय तो ३०, ५०, ६० आणि १६० युनिट आहे, असे धरू. वरच्याच दरांनी एकूण वीज आकार २,५२९ रुपये होतो आणि सरासरी दर ८ रुपये ४३ पैसे. या सरासरीने ३० युनिट वापरणाऱ्याला २५२ रुपये ९० पैसे पडतात. पण पहिला स्वस्त टप्पा १०० युनिटचा आहे आणि खोल्या चार आहेत, तर त्यातले २५ युनिट प्रत्येक खोलीच्या हक्काचे मानावेत आणि त्यापुढचा वापर दुसऱ्या टप्प्याच्या दराने लावावा. मग ३० युनिटवाल्याला १६९ रुपये २० पैसे, ५० युनिटवाल्याला ३७५ रुपये, ६० युनिटवाल्याला ४७७ रुपये ९० पैसे आणि १६० युनिटवाल्याला १,५०६ रुपये ९० पैसे पडतात. बेरीज तीच, २,५२९. एखाद्या महिन्यात कोणी गावी गेल्यामुळे त्याच्या वाट्याचे स्वस्त युनिट शिल्लक राहिले तर ते इतरांत सारखे वाटता येतात. एकटी राहणारी परिचारिका आणि गिझर, मिक्सर, वॉशिंग मशीन वापरणारे पाच माणसांचे कुटुंब यांच्यात न्याय करायचा असेल तर एका मीटरवर याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. अर्थात इतकी आकडेमोड प्रत्येक घरमालक करील, अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून होणार नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे येणे भाग आहे.

सामायिक वापराबद्दल थोडक्यात. अर्ध्या तासात एक युनिट खाणारा दोन किलोवॉटचा गिझर सर्वांच्या डोळ्यांत भरतो, पण जमिनीतल्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर कोणाच्या हिशेबात नसते. एक अश्वशक्तीची मोटर रोज तासभर चालली तर महिन्याला पंचवीस-तीस युनिट जातात. जिन्यात रात्रभर जळणारा नऊ वॉटचा एलईडी दिवा महिन्याला तीन-सव्वातीन युनिट घेतो, तर त्याच जागी जुनी ट्यूबलाइट असेल तर त्याच्या चार-पाचपट. मुख्य मीटरचे युनिट आणि सबमीटरांची बेरीज यांत जो फरक येतो, तो बहुतेक याचाच असतो. हा फरक मालकाचे घर धरून सर्व बिऱ्हाडांत वाटावा आणि मोटरला वेगळा सबमीटर लावावा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

या सर्वांवरचा खरा उपाय प्रत्येक बिऱ्हाडाला महावितरणचा स्वतंत्र मीटर हाच आहे, आणि कायदा त्याच्या आड येत नाही. वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, यांपैकी कोणीही अर्ज केला तरी वीजपुरवठा करणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे. वीज ही मूलभूत सुविधा असून घरमालकाने ना हरकत दिली नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूला ती नाकारता येत नाही, अर्जदार त्या जागेत राहतो आहे का इतकेच पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही प्रत्यक्षात भाडेकरू अर्ज करत नाहीत आणि घरमालक मागणी करत नाहीत. त्याची कारणे आपण समजून घेतलीत तर मार्ग निघेल.

घरमालकाला पहिली भीती थकबाकीची. भाडेकरू दोन-तीन महिन्यांचे बिल न भरता निघून गेला, तर त्याच्या नावावरची थकबाकी अखेर त्या जागेला चिकटते आणि पुढच्या जोडणीच्या वेळी मालकाच्या डोक्यावर येते. दुसरी भीती ताब्याची. भाडेकरूच्या नावावर वीजबिल निघाले की तो त्याच्या हक्काचा पुरावा होईल, असे घरमालकांना वाटते. तिसरी भीती घरपट्टीची, आणि तिच्याकडे मी पुढे येतो. भाडेकरूची अडचण वेगळी आहे. त्याच्याजवळ बहुधा मुद्रांकावर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद असतो किंवा तोही नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. तरीही लहान घरांत ती क्वचितच होते.

यावरून महावितरणला माझी पहिली विनंती अशी की, नोंदणीकृत करार असेल तर त्या भाडेकरूला स्वतंत्र जोडणीसाठी मालकाची वेगळी ना हरकत मागू नये, कारण करारावर मालकाची सही आणि बोटांचे ठसे आधीच घेतलेले असतात. अशी जोडणी कराराच्या मुदतीपुरती असावी, तिच्यावर तसे नमूद असावे आणि मुदत संपल्यावर नवा करार सादर केल्याशिवाय ती पुढे चालू राहू नये. यामुळे ताब्याची भीती पुष्कळ कमी होईल. थकबाकीसाठी जोडणीची सुरक्षा ठेव भाडेकरूकडून घ्यावी, आणि खोली सोडण्याच्या दिवशी अंतिम रीडिंग घेऊन त्याच दिवशी अंतिम बिल हातात देण्याची सोय विभागीय कार्यालयात असावी. स्मार्ट मीटरवरून रीडिंग कार्यालयातच कळत असेल तर यासाठी कोणी घरापर्यंत येण्याचीही गरज नाही. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात आज पुष्कळ शंका आहेत. त्याचा असा एखादा उपयोग सामान्य माणसाला अनुभवायला मिळाला, तर त्या शंकांना शब्दांनी उत्तर देण्यापेक्षा तो अधिक उपयोगी ठरेल.

एका घरात किती जोडण्या मिळू शकतात, हेही स्पष्ट व्हावे. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र वायरिंग यांपैकी काय असले म्हणजे खोली हे स्वतंत्र बिऱ्हाड मानले जाईल, याचे निकष मराठीत एका पानावर छापून प्रत्येक उपविभागीय कार्यालयाच्या दारावर लावावेत. टप्प्यांचा फायदा घेण्यासाठी एकाच कुटुंबाने दोन-तीन मीटर घेऊ नयेत, ही महावितरणची काळजी रास्त आहे आणि तसा गैरप्रकार होत असेल तर तो थांबवलाच पाहिजे. परंतु त्या काळजीचा भुर्दंड खऱ्याखुऱ्या वेगळ्या कुटुंबांनी का भरावा?

जिथे स्वतंत्र मीटर शक्य नाही, अशा घरांसाठी माझी विनंती अगदी लहान आहे. बिलावर एक ओळ वाढवावी : थकबाकी व व्याज वगळून चालू महिन्याचा युनिटमागे सरासरी दर. एकूण रक्कम आणि एकूण युनिट बिलावर असतातच, पण थकबाकी, समायोजन, ठेवीवरचे व्याज यांच्या गर्दीत नेमका दर काढणे बहुतेकांना जमत नाही. ही ओळ छापली गेली तर घरमालकाला सांगायला आधार मिळेल आणि भाडेकरूला विचारायला. बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकला की बिल आजही ऑनलाइन पाहता येते. तो क्रमांक भाडेकरूला देणे ही प्रत्येक करारातली अट असावी, असे मी माझ्या परिचयातल्या घरमालकांना सांगत असतो.

खालच्या मजल्यावर किराणा दुकान, शिवणाचा गाळा किंवा मोबाइल दुरुस्तीचे टेबल असेल आणि ते घरगुती मीटरवर चालत असेल, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि ती रक्कम अखेर वरच्या भाडेकरूंच्या दरात मिसळली जाते. गाळ्याला वेगळी व्यापारी जोडणी घ्यावी, हे घरमालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. महावितरणने याबाबत कारवाईआधी एकदा समज देण्याची मोहीम घेतली तर पुष्कळ घरे आपणहून नियमात येतील.

आता पाणी. गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून शहराला पाणी मिळते आणि शहराच्या बहुतेक भागांत ते ठरावीक वेळीच येते, त्यामुळे साठवणाची टाकी आणि मोटर ही प्रत्येक घराची गरज आहे. मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण देशभर धरले जाते. सहा बिऱ्हाडांत वीस माणसे असली तर दिवसाला २,७०० लिटर लागतात, आणि अर्धा इंची एका नळाला कमी दाबाने दीड-दोन तास येणाऱ्या पाण्यातून ते भागत नाही. मग टँकर येतो किंवा बोअरची मोटर चालते, आणि तो खर्च वीजबिलात शिरतो. पाण्याच्या बाबतीत खोलीनिहाय मीटर व्यवहार्य नाही, कारण एका टाकीतून खाली उतरलेल्या नळ्या प्रत्येक खोलीला वेगवेगळ्या नसतात. इथे माणसांच्या संख्येवर वाटणी हाच न्याय्य मार्ग दिसतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला धरू नये, आठ दिवसांहून अधिक राहणारा पाहुणा धरावा, अशा बारीकसारीक गोष्टी घरात बसून ठरवता येतात.

ठरवता येत नाही ते पाणीपट्टीच्या बिलाचे. ते दरमहा येत नाही, आणि जेव्हा येते तेव्हा मागच्या काही महिन्यांत राहून गेलेले भाडेकरू खोली सोडून गेलेले असतात. नव्याकडून जुन्याचे पैसे घेणे अन्यायाचे, आणि स्वतः भरणे दर वेळी परवडत नाही, म्हणून घरमालक भाड्यातच पाण्याचे पन्नास-शंभर रुपये धरून ठेवतात. पाणी फुकट असल्यासारखे वाटू लागले की गळणारा नळ कोणी सांगत नाही. महापालिकेने नादुरुस्त मीटर बदलून सरासरीची बिले बंद करावीत, आणि एका घरात किती बिऱ्हाडे आहेत याची नोंद असेल तर त्या प्रमाणात मोठ्या व्यासाची घरगुती जोडणी घरगुती दरानेच द्यावी. दरमहा ऑनलाइन रीडिंग स्वतः नोंदवण्याची सोय असावी, म्हणजे बिल उशिरा आले तरी महिन्याचा आकडा हाताशी राहील.

बिऱ्हाडांची नोंद करा म्हटले की घरपट्टीचा प्रश्न पुढे येतो, आणि माझ्या मते या सगळ्या गुंत्याची गाठ तिथेच आहे. घर भाड्याने दिले आहे हे कळले की करआकारणी प्रत्यक्ष भाड्याच्या आधाराने होते आणि स्वतः राहत असलेल्या घरापेक्षा ती बरीच जास्त बसते. या भीतीने घरमालक भाडेकरू दाखवतच नाही. भाडेकरू दाखवला नाही म्हणून करार नोंदवला जात नाही, करार नाही म्हणून स्वतंत्र मीटर नाही, मीटर नाही म्हणून वीज महाग, पाण्याची जोडणी अपुरी, आणि वाद झाला तर दोघांच्याही हातात कागद नाही. महापालिकेला यातून मिळते काय? लपवलेल्या भाडेकरूवर वाढीव घरपट्टी मुळात मिळतच नाही. मोठे फ्लॅट, व्यापारी गाळे आणि वसतिगृहे यांचा विचार वेगळा करावा, परंतु मालक स्वतः ज्या घरात राहतो आणि वरच्या काही खोल्या कमी भाड्याने देतो, अशा घरांना निवासी दराच्या जवळ जाणारी आकारणी लावावी आणि आपणहून नोंद करणाऱ्यांकडून मागील वर्षांचा फरक घेऊ नये. कराचा आधार रुंदावेल आणि शहरात प्रत्यक्ष किती कुटुंबे राहतात हेही महापालिकेला कळेल. पाणीपुरवठ्याचे नियोजन करायचे तर हा आकडा लागतोच.

एक गोष्ट मला घरमालकांबद्दलही लिहिली पाहिजे, कारण ती न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाडे थकले किंवा खोली रिकामी करून हवी असली की मेन स्विच खाली ओढणे किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणे, हा प्रकार आपल्या शहरात होतो. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास मनाई करते, आणि त्यात वीज-पाण्याबरोबर जिन्यातल्या आणि वाटेतल्या दिव्यांचाही समावेश आहे. खुद्द महावितरणलासुद्धा थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. परवानाधारक कंपनीवर जे बंधन आहे, ते घरमालकावर नाही असे कोणी समजू नये. तान्हे मूल असलेल्या घराचा दिवा भाड्यासाठी बंद करणारा माणूस माझ्या गल्लीतला असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही.

२०२६-२७ च्या सिंहस्थाची तयारी शहरात सुरू आहे. कामासाठी बाहेरून येणारे मजूर, कर्मचारी आणि विक्रेते याच खोल्यांत उतरतील, मीटर तेवढेच राहतील आणि एकेका मीटरवरचा भार वाढेल. जुन्या वायरिंगवर शेगड्या आणि हीटर चालले तर प्रश्न नुसत्या बिलाचा राहणार नाही. त्याआधी आपल्या दोन्ही कार्यालयांनी एकत्र येऊन नवीन नाशिक विभागातील एखाद्या प्रभागात हा प्रयोग करावा : एकाच ठिकाणी दोन दिवस शिबिर, तिथेच भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी, तिथेच स्वतंत्र मीटरचा अर्ज, तिथेच नळजोडणीची आणि बिऱ्हाडांची नोंद, आणि त्या शिबिरात नोंद करणाऱ्याला मागील घरपट्टीच्या फरकातून मुक्तता. शिबिरासाठी जागा, टेबल-खुर्च्या आणि अर्ज भरून द्यायला माणसे आमच्या भागातील घरमालक आणि भाडेकरू मिळून उभी करतील, याची हमी मी घेतो. आपण तारीख कळवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक घरमालक
सिडको, नाशिक